नाताळचें दार आणि शेतकऱ्याचा माल

दसऱ्याच्या आदल्या दिवशीं ज्या झेंडूसाठीं गिऱ्हाईक गाडी थांबवून भाव विचारतें, तोच झेंडू भाऊबीज उलटल्यावर बांधावर टाकण्याची पाळी येते, हा अनुभव फुलें करणाऱ्या आमच्या बहुतेक वाचकांस असेल. तीन वर्षांपूर्वीं आमच्या थोरल्या बंधूंच्या घरीं हाच प्रकार झाला. त्यांची पुरंदर तालुक्यांत थोडी विहीरबागाईत आहे. त्या सालीं त्यांनीं पाऊण एकर झेंडू लाविला. परंतु पाऊस लांबल्यामुळें लागण मागें पडली, आणि ऐन भराचे तोडे दिवाळीनंतर आले. दादरच्या फूलबाजारांत माल नेला तर वाहनभाडेंही निघेना. दोन तोडे त्यांनीं बांधावर ओतले, व पुढील सालापासून जमीन खंडानें देऊन टाकावी असें मनांत आणून आम्हांस तसें कळविलें.

आम्ही महसूल खात्यांत लेखणी चालवून निवृत्त झालों व हल्लीं नवी मुंबईंत मुलाकडे राहतों. ज्या जागेवर आमची इमारत उभी आहे तेथें एके काळीं भाताचें शेत होतें. बेलापूर, नेरूळ, तुर्भें, कोपरखैरणें, घणसोली या गांवांचे जुने उतारे ज्यांनीं पाहिले असतील त्यांस पीकपाहणींत भात, खाजण आणि मिठागर हेच शब्द पुनःपुन्हां लिहिलेले आढळतील. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि त्या वेळच्या ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील पंचाण्णव गांवांच्या जमिनींवर हें शहर वसविण्याचें ठरलें. योग्य मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर १९८४ च्या जानेवारींत जासई व नवघर येथें गोळीबार होऊन पांच जणांचे प्राण गेले, तेव्हां कोठें साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची वाट मोकळी झाली. हें येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, या शहराच्या उंबरठ्याखालीं शेत पुरलेलें आहे. त्या उंबरठ्यावर शेताच्या मालास जागा मागणें ही कांहीं उपऱ्याची मागणी नव्हे.

आमचे शेजारी मूळचे वसईकडील सामवेदी ख्रिस्ती. त्यांचे वाडवडील केळी, पानवेल आणि भाजीपाला करणारे. बावखलाचें पाणी रहाटानें वाडीस देऊन त्यांनीं बागा राखिल्या. बंधूंचें पत्र आलें त्याच आठवड्यांत शेजारच्या आजी दाराशीं उभ्या राहून मुलानें बाजारांतून आणिलेला प्लास्टिकचा हिरवा हार उलटसुलट करून पाहात होत्या. आम्हांस पाहून म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्या भावाच्या शेतांत झेंडू आहे म्हणतां, आणि आम्हीं नाताळांत दाराला हें लावायचें? वास नाहीं, जीव नाहीं. एक टोपली मागवा कीं."

आम्हीं टोपली मागविली. तुर्भ्याच्या बाजारांत भाजी घेऊन येणाऱ्या गाडीबरोबर बंधूंनीं दोन करंड्या पाठविल्या. त्या दोन दिवसांत संपल्या, व आणखी अकरा दारांवरून विचारणा आली. त्यांत नाताळ पाळणारीं घरें होतीं तशीं मार्गशीर्षांतील गुरुवार करणारींही होतीं. तेव्हांपासून या विषयाची आम्हीं जी थोडीबहुत माहिती गोळा केली ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

दाराचा मान

नाताळ हा शब्दच आपल्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी आप्पांनीं ती घेतली तेव्हां तहांत ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहिली. राज्य गेलें, पण शेतकरी आपल्या वाडींतच राहिला व त्याची भाषा मराठीच राहिली. त्यामुळें तेथील सणांत शेतकऱ्याच्या घरचे जिन्नस आपोआप आले आहेत. वसई, उत्तन, गोराई, वांद्रें या भागांत रस्त्याच्या कडेस जे क्रूस उभे आहेत त्यांवर झेंडूच्या माळा कोणीही पाहाव्या.

आमच्या इमारतींत एका गृहस्थांनीं शंका काढली कीं, झेंडूचें तोरण हें आपलें. तें नाताळास कसें शोभावें? त्यांस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, झेंडू हें मूळचें मेक्सिको देशाचें झाड आहे; समुद्रापलीकडून येऊन तें आपल्या दसऱ्याचें झालें. नाताळांत जिकडेतिकडे दिसणारी तांबड्या पानांची पॉइनसेटियाची कुंडीही त्याच मेक्सिकोची. दोघेही पाहुणेच. फूल ज्याच्या शेतांत पिकलें त्याचें, आणि ज्याच्या दारावर चढलें त्याचें.

तोरण

तोरणास आंब्याचीं पानें चांगलीं, कारण तीं जाड असल्यामुळें लवकर सुकत नाहींत. परंतु नाताळच्या तोरणासंबंधानें बागाईतदारांनीं एक गोष्ट कटाक्षानें सांभाळली पाहिजे. आंब्याचा मोहोर डहाळीच्या शेंड्यास येतो, आणि कोंकणांत मोहोराचा हंगाम नेमका नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत असतो. या दिवसांत जो शेंड्यासकट डहाळी मोडतो तो तोरणाबरोबर वैशाखांतील फळही तोडून नेतो. सबब झाडाच्या आंतील बाजूचीं, फळ न धरणाऱ्या फांद्यांचीं जून पानें देंठासह एकेक खुडावीं. शहरांत आंबा नसेल तेथें कुंपणाच्या उंच अशोकाचीं पानें घ्यावीं. तीं लांबट असून ओळींत चांगलीं बसतात.

फुलें सकाळीं दंव सुकल्यावर तोडावीं. ओलीं फुलें करंडींत दाबलीं तर आंतून तापतात व पाकळी काळी पडते. माळ ओंवून झाल्यावर तोरण ओल्या फडक्यांत गुंडाळून रात्रभर थंड जागीं ठेवावें व सकाळीं बांधावें. दसऱ्याचें तोरण आश्विनांतील उन्हानें दुसऱ्या दिवशीं मान टाकतें. डिसेंबरांतील थंडींत तेंच तीन-चार दिवस टिकतें. गिऱ्हाइकास ही गोष्ट आवर्जून सांगावी, कारण "खरीं फुलें टिकत नाहींत" हीच प्लास्टिकच्या बाजूची मुख्य सबब असते.

ज्यांच्या घरास ओटा व खांब आहेत त्यांनीं दोहों बाजूंस केळीचे खुंट उभे करावे. घड उतरल्यावर ती केळ तशीही तोडावयाचीच असते; तोच खुंट मुळाशीं ओल्या पोत्यांत बांधून उभा केला म्हणजे सणापुरता हिरवा राहतो आणि मागाहून खतांत जातो.

तारा

नाताळांत ओट्यावर ताऱ्याचा कंदील लावितात. बेथलेहेमास जाणाऱ्या ज्ञानी पुरुषांस ताऱ्यानें वाट दाखविली, या कथेची ती खूण आहे. आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा तो सख्खा भाऊच म्हणावा. करण्याची रीत सोपी आहे. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या तासून घ्याव्या. पांच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चपट्या चांदण्या सुतानें बांधाव्या. दोन्ही एकावर एक ठेवून पांचही टोंकें एकत्र जखडावीं. मग मधल्या पंचकोनाच्या पांच सांध्यांत वीतभर लांबीच्या पांच काटक्या आडव्या रोवाव्या, म्हणजे तारा दोहों अंगांनीं फुगतो. वरून पातळ रंगीत कागद गव्हाच्या खळीनें चिकटवावा आणि एक बाजू दिवा घालण्यापुरती मोकळी ठेवावी.

सांगाडा जपून ठेवल्यास कित्येक वर्षें चालतो. दिवाळींत एक कागद आणि नाताळांत दुसरा, असा दुहेरी उपयोग आम्हीं करून पाहिला आहे. पहिल्या वर्षीं मात्र आमच्या हातून चूक झाली. घरांत जुना तारेचा दिवा पडला होता तो आम्हीं काटकसर म्हणून ताऱ्यांत घातला. तासाभरांत कागदास तांबूस डाग पडून जळका वास येऊं लागला. शेजारच्या नातवानें तो वेळेवर ओळखला म्हणून बरें झालें. तेव्हां ताऱ्यांत एलईडीचाच दिवा घालावा, तो तापत नाहीं. व सण संपेपर्यंत रात्रीं निजतांना कळ बंद करावी.

गोठा आणि बियाण्याची परीक्षा

ओट्याच्या कोपऱ्यांत येशूजन्माचा गोठा मांडण्याची चाल आहे. असा देखावा प्रथम संत फ्रान्सिस यांनीं १२२३ सालीं इटालींतील ग्रेच्चो गांवीं मांडला असें मानितात. गव्हाण, बैल, गाढव, मेंढरें आणि मेंढपाळ हे सगळे शेतकऱ्याच्या ओळखीचे. या गोठ्यास भाताचा पेंढा, वाळलें गवत व बांबू लागतो. कित्येक घरीं ताटलींत नाचणी किंवा गहूं पेरून त्याचे कोंवळे अंकुर गोठ्यापुढें कुरणासारखे मांडतात. ही रीत पाहिली म्हणजे आपल्या नवरात्रांतील घटाची आठवण झाल्याखेरीज राहात नाहीं.

हें कुरण करावयाचें तर धान्य रात्रभर भिजवून नाताळापूर्वीं दहा-बारा दिवस पेरावें. खालीं दोन बोटें माती, वर पातळ थर, आणि पाणी शिंपडूनच द्यावें. थंडी जास्त असल्यास दोन दिवस आधीं पेरावें. पहिले दोन-तीन दिवस ताटली झांकून ठेवावी व अंकुर दिसतांच उजेडांत आणावी. नाहींतर तो पिवळा व लांबोडा वाढतो.

आमचें म्हणणें असें कीं, घटांत असो किंवा गोठ्यांत असो, पेरतांना दाणे मोजून पेरावे. शंभर दाणे मोजून टाकिले आणि पंच्याऐंशी उगवले, तर त्या बियाण्याची उगवण शेंकडा पंच्याऐंशी झाली. देवापुढें पेरलेलें धान्य ही घरच्या घरीं होणारी बियाण्याची परीक्षाच आहे. शेजारच्या आजींस आम्हीं हें सांगितलें तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "आमचे सासरे गोठ्याचा गहूं मुठीनेंच टाकायचे, पण उगवला कीं पहिलं ते वाकून बघायचे." जुन्या माणसास हें ज्ञान होतें, फक्त त्यास नांव नव्हतें.

पेंढा व दिवा यांचें वैर आहे हें विसरूं नये. गोठ्यांत मेणबत्ती लावूं नये व दिव्यांची माळ पेंढ्यावर टाकूं नये. ती बाहेरच्या बांबूवरून न्यावी.

सुरूची फांदी आणि तांबडें पान

नाताळचें झाड म्हणून किनाऱ्याकडील लोक सुरूची फांदी आणितात. खासगी वाडींतील फांदी बेताबेतानें छाटली तर झाडाचें नुकसान नाहीं. परंतु समुद्रकांठची सुरूची रांग हा मागच्या बागाईतीचा आडोसा आहे. खारा वारा आणि उडती वाळू ती अडविते. एका सणासाठीं ती तोडणें म्हणजे आपल्याच कुंपणाचे खांब जाळणें होय. कुंडींतील झाड ठेवून दरसाल तेंच सजविणें अधिक चांगलें.

पॉइनसेटियाची कुंडी नाताळांत चांगली खपते. तिचीं तांबडीं दिसतात तीं फुलें नव्हेत, पानें होत. खरीं फुलें मधोमध बारीक पिवळीं असतात. हें झाड दिवस लहान व रात्र मोठी झाल्यावांचून रंग धरीत नाहीं. सप्टेंबर सरल्यापासून आठ-दहा आठवडे त्यास रोज सुमारें चौदा तासांचा अखंड अंधार लागतो. आमच्या इमारतीच्या फाटकाशीं दिव्याच्या खांबाजवळील झाड नाताळ आला तरी हिरवेंच राहिलें, आणि भिंतीच्या आड असलेलें त्याच्याच कलमाचें झाड तांबडेंलाल झालें. रोपवाटिका करणाऱ्यांनीं यावरून बोध घ्यावा व संध्याकाळीं कुंड्यांवर काळें आच्छादन घालावें. झाडाच्या पांढऱ्या चिकानें अंगास खाज सुटते, म्हणून मुलांस व गुरांस त्यापासून दूर ठेवावें. शेवंतीही याच स्वभावाची. दिवस लहान होतात तशी ती कळी धरते व डिसेंबरांत बाजारांत भरपूर येते. झेंडूच्या तोरणांत पांढऱ्या शेवंतीची एक ओळ घातली तर तोरण उठून दिसतें.

शेतकऱ्याचा हिशेब

आतां मुख्य मुद्दा. झेंडूचें सगळें क्षेत्र एकाच मुहूर्तावर लावणें ही आपली जुनी खोड आहे. दसरा-दिवाळी साधली तर पैसे, चुकली तर बांध. त्याऐवजीं क्षेत्राचे तीन भाग करून लागण पुढेंमागें करावी. रोप पंचवीस-तीस दिवसांत लावण्याजोगें होतें व लागणीपासून सुमारें पन्नास ते साठ दिवसांनीं तोडा सुरू होतो. थंडींत थोडे दिवस अधिक धरावे. या हिशेबानें नाताळचा माल पाहिजे असेल तर बीं सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत टाकून रोपें ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत शेतांत गेलीं पाहिजेत. शेंडा खुडल्यास फांद्या व फुलें वाढतात, पण पहिला तोडा कांहीं दिवस मागें जातो, हें लक्षांत घेऊन तारीख बांधावी. हा माल बहुधा मार्गशीर्षांतील गुरुवारांसही सांपडतो, आणि उरलेला जानेवारींतील लग्नसराईस चालतो. शिवाय झेंडू मुळांवरील सूत्रकृमींस आळा घालतो, म्हणून टोमॅटो-वांग्यांच्या फेरपालटांत हें पीक जमिनीसही हितकारकच आहे.

शहरांत माल एकाच मोठ्या बाजारांत ओतण्याऐवजीं थोडा भाग थेट इमारतींच्या दारांशीं पोंचवावा. आगाऊ मागणी घ्यावी. तोरण ओंवून दिलें तर सुट्या फुलांपेक्षां चांगला मोबदला पडतो, आणि ओंवण्याचें काम गांवांतील बायकांस मिळतें. थर्माकोलच्या सजावटीस महाराष्ट्रांत २०१८ पासून बंदी आहे, ही गोष्टही गिऱ्हाइकास नम्रपणें सांगावी. परंतु केवळ बंदीवर विसंबून राहूं नये. प्लास्टिकचा हार एकदां घेतला कीं दहा वर्षें चालतो आणि त्या दहाही वर्षीं आपलें गिऱ्हाईक जातें. त्याच्याशीं सामना ताज्या, नेटक्या आणि वेळेवर पोंचलेल्या मालानेंच करावा लागेल. कोमेजलेली करंडी एकदां दारांत आली तर पुढील सालीं तें दार आपल्यास बंद झालेंच म्हणून समजावें.

बंधूंनीं त्या सालीं जमीन खंडानें दिली नाहीं. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं पाऊण एकरांपैकीं एक पट्टा नाताळासाठीं राखिला. त्यांत फार मोठी कमाई झाली असें आम्ही म्हणत नाहीं. वाहनभाडें व मजुरी वजा जातां थोडें उरलें, आणि मुख्य म्हणजे फूल बांधावर टाकावें लागलें नाहीं. गेल्या सालीं अवकाळी पावसानें एक तोडा डागाळला, तेव्हां तेवढें नुकसान सोसलें. शेतींत असें चालावयाचेंच. पण आपला माल कोणत्या दारावर चढतो हें त्यांनीं स्वतः येऊन पाहिलें. नाताळच्या आदल्या संध्याकाळीं आजींनीं त्यांस ओट्यावर बसविलें, पुढें करंज्यांचें ताट ठेविलें, आणि "हे फुलवाले भाऊ" म्हणून घरांतील सर्वांस दाखविलें. परत जातांना बंधू आम्हांस म्हणाले, "बाजारांत मला कोणी बस म्हणत नाहीं रे."

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं गांवें मुंबई, ठाणें, पुणें किंवा नाशिक यांच्या टप्प्यांत आहेत त्यांनीं येत्या हंगामांत निदान चार-पांच गुंठे झेंडू नाताळाच्या तारखेनें लावून पाहावा, आणि सप्टेंबर लागण्यापूर्वींच शहरांतील ओळखीच्या दहा दारांस विचारून ठेवावें. बीं टाकण्याआधीं गिऱ्हाईक ठरलेलें असलें म्हणजे अर्धी काळजी मिटते.